अवास्तव शहर : आधुनिकतावादी कवितेतलं नगर आणि संस्कृतीचा ऱ्हास (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इंग्रजी कवी टी. एस. एलियटची 'द वेस्ट लँड' (ओसाड भूमी) ही कविता पहिल्यांदा वाचायला घेतलेल्यांना जे प्रश्न हटकून पडतात, ते इथे घेतले आहेत. शीर्षकातलं 'अवास्तव शहर' हे त्या कवितेतलेच शब्द. काही उत्तरं लांब झाली, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे. काही दोन ओळींत संपली.

आधुनिकतावादी कविता म्हणजे एवढी एकच कविता का?

नाही. बोदलेरचं पॅरिस आहे, गेओर्ग हाइमचं बर्लिन आहे, हार्ट क्रेनचं न्यूयॉर्क आहे, आपल्या मर्ढेकरांची मुंबई आहे. पण १९२२ सालच्या या साडेचारशेहून थोड्या कमी ओळींत शहर आणि ऱ्हास एकमेकांत इतके गुंतलेत, की इथे ती गाठ नीट पाहिली तर बाकीच्या कविता वाचायला हात बसतो. म्हणून ही.

कवीचं म्हणणं 'शहर वाईट, खेडं चांगलं' असंच आहे ना?

हा गैरसमज आधी दूर करायला हवा, कारण तो फार पसरलेला आहे. या कवितेत चांगलं खेडं कुठेच नाही. शहराबाहेर पडलं की लागतात ते तापलेले दगड, पाण्याचा टिपूस नसलेली वाट, पाऊस न आणणारा कोरडा गडगडाट. कवितेच्या पाचव्या, शेवटच्या भागातला तो माळ लंडनपेक्षा जास्त भयाण आहे. 'गड्या आपुला गाव बरा' म्हणायची सोयच एलियट ठेवत नाही. परतायला गाव नाही, आणि शहरात राहूनही शहर आपलं वाटत नाही, अशी ही कोंडी आहे.

मग शहर कवितेत आलं कुठून?

या कवितेपुरतं बोलायचं तर पॅरिसहून. १८५३पासून तिथला प्रशासक ओसमान याने जुन्या पॅरिसच्या गल्ल्या पाडून रुंद, सरळ रस्ते काढायला घेतले. बोदलेर त्या पाडकामात राहत होता. 'हंस' या त्याच्या कवितेत पिंजऱ्यातून सुटलेला एक हंस कोरड्या फरसबंदीवर पंख घासत पाणी शोधतो. शहराचा चेहरा माणसाच्या मनापेक्षा भराभर बदलतो, ही त्या कवितेतली खंत आहे. 'पापाची फुलं' या आपल्या संग्रहाच्या १८६१च्या दुसऱ्या आवृत्तीत बोदलेरने पॅरिसच्या कवितांचा वेगळा विभागच केला. त्यातल्याच 'सात म्हातारे' या कवितेतलं, दिवसाढवळ्या भुतं वाटसरूला गाठतात ते गजबजलेलं शहर एलियटने कवितेला स्वतःच जोडलेल्या टिपांमध्ये नाव घेऊन नोंदवलं आहे. आधुनिक महानगराच्या ओंगळ बाजूतही कविता असते हे आपण बोदलेरकडून शिकलो, असं त्याने पुढे स्वच्छ सांगितलं.

एक बारीक गोष्ट मला फार आवडते. एलियटच्या सुरुवातीच्या कवितेत पिवळं धुकं मांजरासारखं खिडकीच्या काचांना पाठ घासतं. ते धुकं लंडनचं नाही. एलियटचा जन्म १८८८चा, अमेरिकेतल्या सेंट लुइसचा, आणि तो पिवळा धूर तिथल्या कारखान्यांचा. लंडन दिसण्याआधीच शहर त्याच्या नाकात बसलेलं होतं.

लंडन ब्रिजवरच्या गर्दीत एवढं काय आहे?

या ओळी नकाशा शेजारी ठेवून वाचाव्यात. हिवाळ्याची पहाट, तपकिरी धुकं, पुलावरून वाहत येणारी गर्दी. प्रत्येकाची नजर आपल्या पावलांपुढे. गर्दी चढ चढते, किंग विल्यम स्ट्रीटने उतरते आणि सेंट मेरी वूलनॉथ या चर्चपाशी पोचते. तिथलं घड्याळ नऊचे टोले देतं. शेवटचा टोला मात्र मेल्यासारखा, बद्द वाजतो. हे आपण स्वतः पुष्कळदा ऐकलं आहे, अशी टीप एलियटने खाली दिली आहे.

नऊ ही कचेरी उघडायची वेळ. एलियट १९१७ ते १९२५ लॉइड्स बँकेत याच भागात नोकरीला होता, परदेशी व्यवहारांच्या खात्यात. पहिल्या महायुद्धाआधीच्या जर्मन देण्याघेण्यांचे हिशेब निस्तरण्याचं कामही त्याच्याकडे होतं. समीक्षक आय. ए. रिचर्ड्स त्याला तिथे भेटायला गेले होते. फुटपाथच्या खाली एक खोली, पत्रव्यवहाराने भरलेलं मोठं टेबल, आणि डोक्यावर जाड हिरव्या काचांचे चौकोन. त्या काचांवर येणाऱ्याजाणाऱ्यांच्या टाचा सतत आपटत असत. पुलावरची गर्दी लिहिणारा माणूस त्या गर्दीच्या पायांखाली बसून दिवस काढत होता. हे कळल्यापासून मला ती ओळ वरून पाहिलेल्या दृश्यासारखी वाचताच येत नाही.

आता त्या गर्दीकडे बघून कवी काय म्हणतो? मरणाने इतक्यांना गिळलं असेल असं वाटलं नव्हतं. हे वाक्य मध्ययुगीन इटालियन कवी दांतेचं, त्याच्या काव्यातल्या नरकाच्या उंबरठ्यावरचं. तिथे कोण असतात? ज्यांनी आयुष्यात ना धड पाप केलं ना धड पुण्य, असे लोक. नरकसुद्धा त्यांना आत घेत नाही. लंडनच्या कारकुनांना एलियट पापी म्हणत नाही. ते त्या उंबरठ्यावरचे आहेत, एवढंच सांगतो, आणि तेच जास्त झोंबतं.

मग अचानक गर्दीत एक ओळखीचा दिसतो आणि कवी त्याला हाक मारतो : मायलीच्या लढाईत तू माझ्यासोबत जहाजावर होतास! मायलीची लढाई इसवी सनपूर्व २६० सालची, रोम आणि कार्थेजमधली. वाचकाच्या मनात मात्र नुकतंच १९१८ला संपलेलं महायुद्ध असतं. व्यापारी सत्तांची दोन युद्धं एकाच हाकेत येतात. पाठोपाठ प्रश्न : गेल्या वर्षी बागेत पुरलेल्या प्रेताला अंकुर फुटला का? दोन शेजारी बागेच्या कुंपणापाशी बोलावेत तशा सुरात हे विचारलेलं आहे.

धुकं तपकिरी का?

कारण ते नुसतं धुकं नव्हतं. घरोघरच्या शेगड्यांमधला कोळसा आणि कारखान्यांचा धूर त्यात मिसळलेला असे. मराठीत आता 'धुरकं' म्हणतात ते हेच. १९५२च्या डिसेंबरात लंडनमध्ये अशाच धुरक्याने काही दिवसांत हजारो माणसं गेली, आणि १९५६ साली हवा स्वच्छ ठेवण्याचा कायदा आला. तपकिरी हा शब्द म्हणजे आधी खिडकीबाहेर पाहिलेली गोष्ट आहे. प्रतीक नंतर.

ऱ्हास नेमका कशाचा झाला आहे?

साम्राज्य, धर्म, नीती अशी मोठी उत्तरं दिली जातात. चुकीची नाहीत, पण ढोबळ आहेत. कवितेतल्या माणसांकडे बघा.

दुसऱ्या भागात पबमध्ये एक बाई मैत्रिणीची गोष्ट सांगते. मैत्रीण लिल. नवरा आल्बर्ट चार वर्षं सैन्यात होता, आता परत येतोय. त्याने नवे दात बसवायला पैसे दिले होते. लिल जेमतेम ३१ वर्षांची, पाच मुलं झालेली, शेवटच्या बाळंतपणात मरता मरता वाचलेली. पोट पाडायच्या गोळ्या घेतल्या तेव्हापासून तब्येत गेली म्हणते. ही गोष्ट चालू असताना पबवाला वेळ संपल्याची हाळी पुन्हा पुन्हा देत राहतो. पबमध्ये ती रोजची हाळी. पण लिलच्या आयुष्याशेजारी ऐकली की पोटात खड्डा पडतो.

तिसऱ्या भागात एक टायपिस्ट मुलगी संध्याकाळी खोलीवर येते, सकाळच्या कपबशा आवरते, स्टोव्ह पेटवते, डबाबंद अन्न काढते. एक कारकून येतो. जे घडतं त्यात तिला ना राग, ना ओढ. तो गेल्यावर झालं एकदाचं, असं मनात येतं, ती यंत्रासारखा केसांवरून हात फिरवते आणि ग्रामोफोनवर तबकडी लावते.

त्याच भागात टेम्स येते. १५९६ साली इंग्रज कवी स्पेन्सरने एका लग्नगीतात टेम्सला 'हळू वाहा' अशी विनवणी केली होती, आणि तेच ध्रुपद एलियट उचलतो. फक्त आता नदीकाठच्या अप्सरा निघून गेल्या आहेत, त्यांच्यासोबतचे शहरातल्या बड्या साहेबांचे रिकामटेकडे पोरगेही पत्ता न देता गेले आहेत. रिकाम्या बाटल्या, सँडविचचे कागद, सिगारेटची थोटकं नदीत नाहीत, असं तो सांगतो. 'नाहीत' म्हणूनच ती सगळी डोळ्यांपुढे येतात. पुढे नदी तेल आणि डांबराचा घाम गाळते.

आणि मग ती ओळ, जी मला या कवितेचा गाभा वाटते. मार्गेटच्या वाळूवर कुणीतरी म्हणतं : मला कशाशीच काही जोडता येत नाही. मार्गेट हे समुद्रकाठचं गाव. १९२१च्या शरद ऋतूत मनाने पार खचलेला एलियट बँकेतून रजा काढून तिथे राहिला होता, आणि तिथेच तिसऱ्या भागातलं काही लिहिलं गेलं. तिथून तो स्वित्झर्लंडमधल्या लोझानला उपचारांसाठी गेला.

माझं वाचन असं की ऱ्हास झालाय तो या जोडण्याचा. माणूस आणि माणूस, शरीर आणि मन, आजची नदी आणि स्पेन्सरची नदी यांच्यातला दुवा निखळला आहे. इमारती शाबूत आहेत, बँका नऊला उघडतात, घड्याळ वेळेवर चालतं. या कवितेतली पडझड आत चालू आहे.

एलियट सामान्य माणसांना तुच्छ लेखतो का?

काही ठिकाणी, हो. पुटकुळ्यांनी भरलेल्या चेहऱ्याच्या त्या कारकुनाच्या आत्मविश्वासाची तुलना तो नवश्रीमंताच्या डोक्यावरच्या रेशमी टोपीशी करतो, आणि तिथे वर्गाचा तोरा उघड दिसतो. स्मर्नाचा (आजच्या तुर्कस्तानातलं इझमीर) व्यापारी युजेनिडीस दाढी वाढलेला, बेदाण्यांनी खिसा भरलेला. परक्या माणसाकडे संशयाने बघण्याची त्या काळची नजर त्या चित्रात आहे. याचं समर्थन करायची गरज नाही. मात्र त्या व्यापाऱ्याच्या खिशातल्या कागदांवर मालाचं भाडं आणि विमा लंडनपर्यंत किमतीत धरलेला असल्याची नोंद आहे. असे कागद एलियटच्या रोजच्या टेबलावर येत. शहर त्याला अशा तपशिलांतून कळत होतं.

पबच्या प्रसंगाबद्दल एक भर घालतो. ती बोली एलियटच्या घरकामाच्या बाईकडून ऐकलेली होती, हे त्यानेच सांगितलं आहे. आणि मूल नको तर लग्न कशाला केलंस, ही त्यातली सर्वांत जिव्हारी लागणारी ओळ त्याची पत्नी व्हिव्हियन हिने सुचवली. हस्तलिखितावर तिच्या अक्षरात ती आहे. ज्या बायकांचं दुःख तिथे आहे, त्यांचा आवाजही थोडा तरी बायकांनीच दिलेला आहे.

सगळी कविता निराशेचीच आहे का?

नाही, आणि हे अनेकदा निसटतं. टायपिस्टच्या प्रसंगानंतर लगेच कवी लोअर टेम्स स्ट्रीटवर येतो. एका पबमधून मेंडोलिनचे सूर येतात, दुपारी मासळीबाजारातले लोक निवांत बसलेत, आतून गप्पांचा कलकलाट ऐकू येतो. बिलिंग्जगेटचा मासळीबाजार तेव्हा तिथेच होता. शेजारी सेंट मॅग्नस मार्टर हे चर्च, आत पांढऱ्या आणि सोनेरी रंगाचं अवर्णनीय वैभव. हीसुद्धा तीच नगरी, तेच वर्ष.

या ओळीखालची टीप नक्की वाचा. या चर्चचा अंतर्भाग वास्तुकार रेनच्या सर्वोत्तम अंतर्भागांपैकी आहे असं म्हणून एलियट वाचकाला एका पुस्तिकेकडे पाठवतो. तिचा विषय : लंडन शहरातली १९ चर्च पाडण्याचा प्रस्ताव. तो प्रस्ताव खरोखर मांडला गेला होता. संस्कृतीचा ऱ्हास हा शब्द आपण हवेत फेकतो. एलियटच्या समोर पाडायच्या इमारतींची यादी होती.

कविता अशी तुकड्यातुकड्यांत का? समजायला मुद्दाम अवघड केली का?

शहरात आपण गोष्टी सलग ऐकतच नाही. बसमध्ये एका बाईचं अर्धं वाक्य, मग कंडक्टर, मग कुणाच्या तरी फोनवरचं गाणं. एलियटने रचनेत तेच आणलं. कवितेचं आधीचं नावच डिकन्सच्या कादंबरीतून घेतलेलं होतं, आणि त्याचा अर्थ साधारण 'तो वेगवेगळ्या आवाजांत पोलिसांची नक्कल करतो' असा. तिथला एक अनाथ मुलगा वर्तमानपत्रातल्या पोलिसांच्या बातम्या आवाज बदलून वाचून दाखवतो.

दुसरं कारण एलियटचा कवीमित्र एझ्रा पाउंड. जानेवारी १९२२मध्ये पॅरिसला त्याच्या हातात मसुदा पडला आणि त्याने लांबलचक उतारे बिनधास्त छाटले. काही दुवे मुळातच नव्हते, काही त्याच्या कात्रीने गेले. तो मसुदा पुढे हरवला असं मानलं जात होतं. तो न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात असल्याचं १९६८ला जाहीर झालं आणि १९७१ला छापला गेला. जमलं तर तो चाळा. कविता कशी घडते हे इतक्या उघडपणे क्वचितच बघायला मिळतं.

कवितेच्या शेवटी उपनिषदातले शब्द कशासाठी? शोभेसाठी?

शोभेसाठी नक्की नाही. एलियट हार्वर्डमध्ये लॅनमन यांच्याकडे संस्कृत शिकला होता आणि वूड्स यांच्याकडे पतंजली. बृहदारण्यकाच्या पाचव्या अध्यायातली ती गोष्ट आपल्याकडे अनेकांना ठाऊक असते. प्रजापती 'द' एवढंच म्हणतो. देव ऐकतात दाम्यत, मन आवरा. माणसं ऐकतात दत्त, द्या. असुर ऐकतात दयध्वम्, दया करा. एलियटने क्रम बदलला आणि माणसांना सांगितलेलं 'दत्त' पहिलं ठेवलं.

पण शहराच्या दृष्टीने मोलाचं आहे ते 'दयध्वम्'नंतरचं चित्र. दारात किल्ली एकदा फिरल्याचा आवाज. प्रत्येक जण आपापल्या कोठडीत, त्या किल्लीचा विचार करत. चाळीतून बंद दाराच्या फ्लॅटमध्ये गेलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. मार्गेटच्या वाळूवरच्या त्या न जुळणाऱ्या मनाला इथे उत्तर मिळतं, तेही एका आज्ञेच्या रूपात, आणि ती पाळली गेली की नाही हे कविता सांगत नाही.

मर्ढेकरांनी एलियटची नक्कल केली का?

हा आरोप जुना आहे आणि मला तो अन्यायाचा वाटतो. मर्ढेकर (१९०९ ते १९५६) इंग्लंडला राहून आले होते, तिथलं नवं काव्य त्यांनी जवळून वाचलं होतं. प्रभाव आहेच. पण १९४७च्या 'काही कविता' उघडून बघा. पिपात मेलेल्या उंदरांची ती गाजलेली कविता १६ मात्रांच्या ठसक्यात चालते, कानाला ओळखीच्या लयीत. किळस ओळखीच्या चालीवरून येते म्हणून ती जास्त खोल जाते. एलियट दांतेकडे गेला, मर्ढेकर तुकोबा-रामदासांच्या अभंग-ओवीकडे गेले, आणि त्या साच्यात त्यांनी यंत्रयुगातले शब्द ओतले. ही नक्कल नव्हे. आपल्या कोठारातून धान्य काढून आपल्याच जात्यावर दळलेलं हे पीठ आहे. त्या पुस्तकावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, त्यातून ते निर्दोष सुटले.

आणि मर्ढेकरांची मुंबई फक्त पिपातली नाही. न्हालेल्या गर्भवतीसारखी उजळत येणारी माघातली सकाळ आठवा. बंदर, धक्क्यावर साखरझोपेत असलेल्या बोटी, मान मोडून कावड नेणारे गवळी, जळक्या धुराचा आणि गरम चहाचा वास, डांबरी रस्त्यावरची शांतता. धूर आणि डांबर इथेही आहेत, टेम्सवर होते तेच. पण इथे त्यांना सुगंध आहे. मर्ढेकरांना नुसते 'विफलतेचे कवी' म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांनी ही कविता पुन्हा मोठ्याने वाचावी. पोटात लपलेली ती अजस्र धांदल अजून उठायची आहे, तोवर घोटभर हिवाळा उरला आहे.

ऱ्हास झाला तो कुणाच्या संस्कृतीचा?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, आणि तो एलियटच्या कवितेत विचारला जात नाही. जुनं वैभव गेलं म्हणून हळहळायला आधी त्या वैभवात वाटा असावा लागतो. नारायण सुर्वे मुंबईत अनाथ सापडले, गिरणी कामगाराच्या घरात वाढले. १९६६च्या 'माझे विद्यापीठ'मध्ये शहर शिकवतं, घडवतं, रागावतं. ते ढासळलेलं काही नाही. १९७२ला नामदेव ढसाळांचं 'गोलपिठा' आलं, विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह. त्यातल्या वस्तीची घाण एलियटच्या टेम्सपेक्षा कैक पटींनी जास्त आहे, तरी मागे वळून बघणारी एकही नजर त्यात मला दिसत नाही. मागे होतं काय? जातीचा गाव. ढसाळांची भाषा म्हणून पुढे धावते, शिव्या देत, आग लावत.

याचा अर्थ एलियट खोटा ठरतो असं नाही. पण 'आधुनिक शहर म्हणजे संस्कृतीचा ऱ्हास' हे समीकरण सगळीकडे चालणारं नाही, हे ढसाळ वाचल्याशिवाय कळत नाही. अमेरिकेत हार्ट क्रेननेही वेगळ्या कारणाने हेच केलं : १९३०च्या 'द ब्रिज'मध्ये ब्रुकलिनचा पूल उभा करून एलियटच्या नकाराला होकाराने उत्तर द्यायचा प्रयत्न केला.

परीक्षेत काय लिहू?

'नागर संस्कृतीचा ऱ्हास व्यक्त होतो' एवढं लिहून थांबू नका. कोणती जागा, किती वाजलेत, कोण बोलतंय, कोणती जुनी ओळ कोणत्या नव्या वस्तूशेजारी ठेवली आहे, हे एका प्रसंगापुरतं तरी नीट लिहा.

आज लंडनला गेलो तर यातलं काय बघता येईल?

सेंट मेरी वूलनॉथ आहे, रस्त्यावर झुकलेलं घड्याळही आहे. बिलिंग्जगेटचा बाजार १९८२ला तिथून हलला. कॅनन स्ट्रीटचं ते हॉटेल, जिथे युजेनिडीस कवीला जेवायला बोलावतो, पाडलं गेलं.

पूल मात्र तो नाही. एलियटच्या वेळचा लंडन ब्रिज १८३१चा होता. तो हळूहळू खचत होता, म्हणून १९६८ला एका अमेरिकन उद्योजकाला विकला. दगडांवर क्रमांक घालून ते जहाजाने नेले आणि अॅरिझोनाच्या वाळवंटात, लेक हवासू सिटी इथे १९७१ला पूल पुन्हा उभा केला. मृतांची ती गर्दी ज्यावरून गेली ते दगड आज कोरड्या माळरानात आहेत.

सेंट मॅग्नस पाडलं गेलं नाही. आत जा, पांढरा आणि सोनेरी रंग तसाच आहे. तिथे त्याहूनही जुन्या, मध्ययुगीन लंडन ब्रिजची एक लांबलचक प्रतिकृती काचेत ठेवली आहे. पुलावर दुकानं, घरं, आणि बोटाच्या पेरापेक्षा लहान शेकडो माणसं. वाकून बघितलं तर त्यांतली पुष्कळशी एकमेकांकडे तोंड करून उभी आहेत.